मीटर बघून बोला

आमच्या एसटीडी बूथच्या काचेवर आतल्या बाजूनं एक पाटी होती, अप्पांनी स्वतः ब्रश घेऊन रंगवलेली, 'मीटर बघून बोला'. त्याच्या खाली बारीक अक्षरात 'उधारी मागू नये' असंही होतं, पण ते गिऱ्हाईक वाचायचं नाही आणि अप्पा पाळायचे नाहीत.

ही पाटी मला मागच्या महिन्यात एकदम आठवली, रात्री पाऊण वाजता. फोन बघत पडले होते, काय बघत होते ते विचारू नका, एक बाई ज्वारीच्या भाकरी थापत होती, मग कुणाच्या तरी लग्नातला नाच, मग एक डॉक्टर सांगत होता की झोपायच्या आधी फोन बघू नये, तो पण मी शेवटपर्यंत बघितला. मधेच कुठंतरी बोट लागून सेटिंग उघडलं आणि समोर आकडा आला, ४ तास ५१ मिनिटं. एका दिवसाचे. खाली लिहिलेलं, फोन ९७ वेळा उघडला. नवरा शेजारी घोरत होता, पोरगं आतल्या खोलीत, बघणारं कुणीच नव्हतं, तरी मी फोन पटकन पालथा घातला, चोरी सापडल्यासारखा. अन् अंधारात डोळ्यापुढं आलं ते बूथवरचं मीटर, लाल आकड्यांचं. ते गिऱ्हाइकाच्या अगदी तोंडापुढं असायचं, दिसणार नाही म्हणलं तरी दिसायचं. फोनमधलं मीटर असं सेटिंगच्या तीन दारं आत ठेवलंय की वर्षभर त्याच घरात राहून मला पत्ता नव्हता.

आमचं गाव औसा. लातूरपासून वीसएक किलोमीटर. बसस्टँडसमोर अप्पांचं आधी भाड्यानं द्यायच्या सायकलींचं दुकान होतं, तासाला इतके पैसे असं, मग १९९५ ला त्याच जागेत बूथ टाकला. आमच्या घराण्यानं वेळेचेच पैसे खाल्लेत असं अप्पा गमतीनं म्हणतात, आधी तासावर, मग सेकंदावर.

बूथ चालला तो भूकंपामुळं, हे बोलायला बरं वाटत नाही पण खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चार वाजायच्या जरा आधी. मी चौथीत होते. किल्लारी आमच्याच तालुक्यात. जवळपास दहा हजार माणसं गेली, पुढं ५२ गावं उचलून नव्या जागेवर वसवली, ती बांधायला पार जागतिक बँकेचा पैसा आला, इंजिनियर आले, ठेकेदार आले, संस्थांचे लोक आले, कुठल्या कुठल्या भाषा बोलणारे, आणि ह्या सगळ्यांना रात्री जेवण झालं की घरी फोन करायचा असायचा. रात्री उशिरा दर पाव व्हायचा म्हणून तेव्हाच रांग लागायची. मी सहावीत, स्टुलावर बसून वहीत नंबर लिहायचं काम माझ्याकडं. पुणे तेव्हा ०२१२ होतं, सोलापूर ०२१७, हैदराबाद ०४०, अजून पाठ आहेत, मात्र स्वतःच्या नवऱ्याचा मोबाईल नंबर विचारला तर फोनमधे बघून सांगते.

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं असं अप्पांनी बजावलेलं. पण काचेच्या डब्यातून सगळं ऐकू यायचं, कारण लोक ओरडायचे. मुंबई लांब आहे म्हणून मुंबईला जास्त जोरात. एक इंजिनियर होता, काय भाषा होती देव जाणे, पण शेवटी तो एकच शब्द दोनदा म्हणायचा अन् मला कळायचं की हा जेवलात का विचारतोय. एक म्हातारी यायची, तिचा लेक पुण्याला कंपनीत. आकडे पळायला लागले की हिला बोलणंच सुधरायचं नाही, नजर मीटरवर, तिकडून लेक आई, आई करतोय, अन् ही म्हणायची, "अठरा झाले रे बाबा. एकोणीस झाले. ठेव, ठेव." सगळा फोन मीटरचे आकडे सांगण्यात जायचा. बाहेर आली की मला विचारायची, "कसा बोलू लालता गं? आवाज बसलाय का त्याचा?" म्हणजे मी ऐकलंय हे तिनं धरलेलंच असायचं.

आणि डवरीबाबा यायचा.

नाथपंथी डवरी गोसावी. सुगी झाली की गावाबाहेर त्यांची पालं पडायची, महिना-दीड महिना राहून पुढं जायचे. भगवे कपडे, खांद्याला झोळी, हातात डमरूसारखं डवर. हा एकजण आठवड्यातून एकदा बूथवर यायचा. त्याच्या घरी कुठला फोन, गावातल्या किराणा दुकानाचा पीपी नंबर होता त्याच्याकडं. नव्या पोरांना पीपी माहीत नसतं म्हणून सांगते, शेजाऱ्यापाजाऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा, तिकडं फोन करून म्हणायचं जरा अमक्याला बोलवा, मग ठेवायचा, दहा मिनिटांनी परत लावायचा. पहिला फोन निरोपाचा, दुसरा बोलण्याचा. अप्पा त्याच्याकडून पहिल्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणायचे, अजून बोललाच कुठं तो.

त्या मधल्या दहा मिनिटांत तो पायरीवर बसून माझ्याशी गप्पा मारायचा. कितवीत हाय, पाढे येतेत का, इतकंच. माझ्या हातात डवर द्यायचा, मला काय ते वाजवता आलं नाही, गोळी कातड्यावर बसायचीच नाही. मग आत जाऊन दुसरा फोन लावायचा आणि तिकडं आलेल्या बायकोला विचारायचा, पोरगी शाळेत गेली का. हं. हं. ठेवतो. दर आठवड्याला तेच. एकदा पोरगीच फोनवर आली असंल, त्यानं काचेचं दार उघडून मला हाक मारली अन् रिसीव्हर माझ्या कानाला लावला, "बोल, तुझ्याएवढीच हाय." मी गप्प. तिकडून ती गप्प. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागं कुठंतरी कोंबडं. किती वेळ तसं उभी होते कुणास ठाऊक, शेवटी त्यानंच हसत रिसीव्हर घेतला. आमच्या दोघींच्या गप्प बसण्याचे नऊ युनिट झाले होते. अप्पांनी ते बिल फाडून मला दिलं, "हे तुझं."

पुढं जे झालं ते सगळ्यांचंच झालं. २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, टॉर्चवाला नोकिया आला, अन् ज्याच्या खिशात मोबाईल नाही असा माणूस बूथवर यायचा तो एक रुपयाच्या डब्यावर बोलायला. मिस्ड कॉलची भाषा आली, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. २००८ ला बूथ बंद. मीटर, प्रिंटर, वह्या सगळं पोत्यात भरून माळ्यावर. तिथं आता भावाचं मोबाईल रिचार्ज अन् कव्हरचं दुकान आहे, ते तरी बरं चालतंय.

मी डीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न होऊन लातूरला आले. ऑर्कुटवर होते, कॅफेत तासाला पैसे मोजून, तेव्हा निदान कॅफेवाला वेळ झाली म्हणून उठवायचा. ऑर्कुट बंद झालं ते ३० सप्टेंबर २०१४ ला. आमच्याकडं ही तारीख म्हणलं की दुसरंच आठवतं, त्यामुळं माझ्या स्क्रॅपबुकचं दुःख करायची मला लाज वाटली आणि मी जुने स्क्रॅप सेव्ह करायचे राहून गेले. ह्याचं मात्र खरंच वाईट वाटतं.

फेसबुकची गोष्ट जरा लांब आहे, अन् त्यात माझी शोभा आहे. २०१६ चा उन्हाळा. लातूरकरांना सांगायला नको. मार्चमधे पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागलेली, कलम १४४, पाण्यासाठी. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी. एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाचएक लाख लिटर, पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. मी तेव्हा फेसबुकवर लिहायचे, बरं लिहायचे असं लोक म्हणायचे. टँकर आला त्या दिवशी रांगेत माझा नंबर आठवा का नववा, पुढं घागरी, हंडे, रंगाचे डबे, एका पोरीनं कुकरसुद्धा आणलेला, आणि माझ्या डोक्यात काय चालू होतं तर ह्या कुकरचा फोटो वर घ्यावा की खाली. वाक्यं जुळत होती. फोटो काढायला बाजूला झाले तेवढ्यात मागच्या बाईनं तिची घागर पुढं सरकवली, भांडण झालं, नंबर गेला, पाणी त्या दिवशी दोनच घागरी मिळालं. पोस्ट मात्र चांगली झाली. चारशेच्या वर लाईक. पुण्याहून, नाशिकहून, पार अमेरिकेहून लोकांनी लिहिलं, डोळ्यात पाणी आलं. सासूबाई विचारत होत्या घरात पाणी का नाही आलं, अन् मी मोरीशेजारी उभी राहून दर दोन मिनिटांनी आकडा बघत होते. ३८०. ३९२. म्हातारीसारखंच झालं की माझं, मीटरकडं बघत बसायचं अन् बोलणं राहून जायचं.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं. शिक्षकदिन होता म्हणून तारीख लक्षात. आमच्या स्टाफरूममधे चार दिवसांत सगळ्यांनी आधारकार्ड घेऊन रांगा लावून सिम आणलं. फुकट. अमर्याद. सत्तर रुपयाचा नेटपॅक महिनाभर चमच्यानं पुरवणारे आम्ही लोक, दुष्काळातून उठून एकदम धरणावर जाऊन बसलो. मी त्या पहिल्या महिन्यात काय काय बघितलं ते आठवतही नाही.

आता २०१८. हे मी कधी कुठं लिहिलं नव्हतं.

जून महिना. शाळा नुकत्या उघडलेल्या. एक मेसेज आला व्हॉट्सअ‍ॅपवर. लहान मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात फिरत आहे, साधूच्या नाहीतर भिकाऱ्याच्या वेशात असतात, भगवे कपडे, खांद्याला झोळी, लहान मुलांशी गोड बोलतात, सावध रहा, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. खाली हात जोडलेले. कुणी पाठवला आठवत नाही. माझा पोरगा तेव्हा सहा वर्षांचा. मी वर्गातून बाहेर येता येता, एका हातात खडू, हजेरी काखेत, दुसऱ्या हातानं चार ग्रुपवर पाठवला. सासरचा, माहेरचा, शाळेचा, अपार्टमेंटचा. किती वेळ लागला असंल? शिंक यायला जेवढा लागतो तेवढा. मी मराठी विषय शिकवते. पाचवीच्या पोरांना उताऱ्यावर प्रश्न विचारते, हे कोण म्हणाले, कोणास म्हणाले, केव्हा म्हणाले. त्यातला एकही मी स्वतःला विचारला नाही.

१ जुलैला रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे, तिथं आठवडी बाजार. पाचजण एसटीतून उतरले. लोकांना वाटलं टोळी. बातमीत होतं की त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलत होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मरेपर्यंत मारलं. नाथपंथी डवरी गोसावी. मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागायला फिरत होते, पिढ्यान् पिढ्या फिरतात तसे.

रात्री अप्पांचा फोन आला. अप्पा फोनवर चाळीस सेकंदांच्या वर कधी बोलत नाहीत, अजूनही नाही, बूथवाल्याची सवय. त्या दिवशी म्हणाले, "टीव्ही बघितली का? आपल्या डवरीबाबाचे लोक हायत की गं हे." मी हो म्हणलं. "त्याच्यात आपला बाबा तर नाही ना? नावं आलेत का बघ बरं मोबाईलवर." मी बघितली. पाच नावं होती, वयं होती. मग दोघंही गप्प झालो, कारण डवरीबाबाचं नाव काय होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सहा-सात वर्षं तो आमच्या पायरीवर बसला. आम्ही विचारलंच नव्हतं. वयावरून नसंल असं मी म्हणलं. अप्पा म्हणाले, "हं. त्याचं वय तरी आपल्याला कुठं माहीत हाय." तो फोन अकरा मिनिटं चालला होता, नंतर बघितलं मी, आणि त्यातलं निम्मं आम्ही काही बोललो नव्हतो.

फोन ठेवल्यावर मी त्या चार ग्रुपवर जाऊन वर सरकवत सरकवत माझा मेसेज शोधला. सगळ्यांसाठी पुसायची सोय तेव्हा आलेली होती, पण ती पाठवल्यावर तासाभरापुरतीच, माझ्या मेसेजला दोन आठवडे होऊन गेलेले. माहेरच्या ग्रुपवर त्याच्याखाली तीन अंगठे, आणि चुलतभावाचं "पुढे पाठवला ताई". कुठं पाठवला? त्याच्या पुढं कुठं? औशाला मेसेज टाकला म्हणजे धुळ्याला माणूस मेला असं होत नाही, एवढं मला कळतं. माझा मेसेज राईनपाड्याला गेला नसणार. नसणारच. पण नाहीच गेला असं छातीला हात लावून सांगता येईल असा कागद माझ्याकडं नाही, अन् बूथवर असता तर असता. कुठला नंबर, किती वाजता, किती युनिट, सगळं माझ्याच अक्षरात.

नंतर खूपदा डोक्यात आलं, हाच निरोप मला बूथवरून द्यायचा असता तर? आधी सासरी लावायचा, पैसे. मग माहेरी लावायचा, पैसे. अपार्टमेंटमधे दार वाजवून तोंडानं सांगायचं, समोरच्यानं विचारलं असतं, तुला कुणी सांगितलं? मी काय म्हणले असते? दुसऱ्या फोनलाच मीटर बघून ठेवला असता. पैशाच्या भीतीनं का होईना ठेवला असता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लिहून यायची सोय केली, भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, पेपरात पानभर जाहिराती दिल्या. मी चारच ठिकाणी पाठवलेला. म्हणजे नव्या नियमातसुद्धा बसत होते मी.

तेव्हापासून फोन सोडला का? नाही. फेकून द्यावा वाटलं का? एकदा वाटलं, पण हप्ते चालू होते. आणि नुसतं फोनला शिव्या देणाऱ्या माणसांचं मला पटत नाही, ते बहुतेक फोनवरच देत असतात. माझ्या वर्गात एक पोरगी आहे, आईबाप ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर टोळीबरोबर निघायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पोरगी आजीजवळ. संध्याकाळी आई कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या खोपटातून, व्हिडिओ कॉल करते, दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेली, तोंडावर पाचटाची खरचटं, मागं चूल, अन् तिला लिहिता-वाचता येत नाही तरी म्हणते वही दाखव. पोरगी फोनसमोर वही धरते. आई म्हणते, पान उलट. उलट. अजून उलट. लाल टिका मोजत असते. एक दिवस पोरगी शाळेत येऊन म्हणाली, "बाई, बारक्या टिका नका करू, माझ्या आईला रेंजमुळं दिसत नाहीत." तेव्हापासून मी तिच्या वहीत पानभर टिका करते. केंद्रप्रमुखांनी विचारलं हे काय, म्हणलं, रेंज कमी आहे.

आता ह्या फोनला काय म्हणायचं सांगा.

मधे वाचलं, म्हणजे फोनवरच वाचलं, रात्रीच, की हे जे खाली खाली सरकत राहतं आणि पानच संपत नाही, ते २००६ साली आझा रास्किन नावाच्या एका माणसानं शोधून काढलं, आणि आता त्यालाच त्याचा पस्तावा होतो, तसं तो जाहीर बोलतो. पान संपलं की माणूस थांबतो, विचार करतो, उठायचं का अजून बसायचं, ती थांबायची जागाच ह्यानं काढून टाकली. बूथवरच्या वहीत पान संपलं की मी अप्पांना हाक मारायचे, ते बेरीज करायचे, खाली रेघ मारायचे. रेघ मारून झाली की चहा. मला ते रास्किनचं वाचून चांगलाच राग आला, आणि रागारागात मी त्याच्याबद्दलचं अजून काय काय दीड वाजेपर्यंत वाचत बसले.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आमच्या हेडमास्तरांनी ते ऐकून स्टाफच्या ग्रुपवर टाकलं की आपणही आपापल्या घरी सुरू करू, त्याला सगळ्यांनी मोबाईलवरून अंगठे दिले. मी केलं खरंच सुरू. भोंगा कुठला, कुकरची शिट्टी ठरवली. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला सोयाबीनचा भाव तेवढा बघतो, दुसऱ्या दिवशी पावसाचा अंदाज, पंजाब डख काय म्हणतेत ते बघू दे, उद्या काढणी आहे, आता शेतकऱ्याला नाही कसं म्हणायचं. पोराचा अभ्यासच मोबाईलवर, नीटचे टेस्ट पेपर. राहिले मी एकटी. नऊ दिवस पाळलं. नऊ दिवस रोज सात ते साडेआठ मी बाल्कनीत बसून बाकीचे दोघं काय बघत असतील ह्याचा विचार करत होते. दहाव्या दिवशी वरण करपलं अन् शिट्टीच झाली नाही.

अप्पा आता पंच्याहत्तरीला आलेत. पहाटे पाच दहाला त्यांचा शुभ सकाळ येतो, विठ्ठल किंवा गुलाब. रील बघतात ते पार शेजारच्या तिसऱ्या घरात ऐकू येईल इतक्या आवाजात, आईनं सांगितलं तर म्हणतात, बूथवर होतो तेव्हा माणसं ओरडायची, आता हे ओरडतेत. एक मात्र आहे. काही पुढं पाठवायचं असलं की ते मला फोन करतात. "हळदीनं गुडघेदुखी जाती म्हणू लालते, खरं हाय का? पाठवू का?" मी नाही म्हणलं की पाठवत नाहीत. सातवी शिकलेला माणूस. मी एमए.

दिवाळीला औशाला गेले होते. भावानं माळा काढायला घेतला, पोतं खाली आलं. मीटर निघालं, वायर उंदरांनी खाल्लेली. प्रिंटर निघाला. वह्या निघाल्या, सतरा-अठरा, पिवळ्या पडलेल्या, माझं सहावीतलं अक्षर, सात तर मी किती घाणेरडा काढायचे. अप्पा खाटेवर बसून एकेक उघडत होते. शेवटच्या पानांवर उधारी. सगळ्यांची खोडलेली, एक सोडून. 'डवरीबाबा – १४ रु. – पुढल्या साली.' वर तारीख फेब्रुवारी २००१. आणि त्याच वहीत मागं त्याचा तो किराणा दुकानाचा पीपी नंबर.

मी तिथंच उभ्या उभ्या नंबर लावला. दोनदा. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

आई म्हणाली, आता खोडा की ते, कोण यायलाय. अप्पा म्हणाले, "खोडायचं नाही. त्यो देणार हाय." मग जरा वेळानं मला म्हणाले, "ह्याचा फोटो काढ अन् टाक ग्रुपवर. वहीचा. अन् लिही दोन ओळी, तुझं चांगलं हाय लिहिणं. कोन तरी वळखत असंल की. तिकडच्या लोकायपर्यंत जाईल फिरत फिरत."

फोटो काढला. चांगला आला, १४ चा आकडा स्पष्ट दिसतोय. रात्री लातूरला आल्यावर ग्रुप उघडला आणि टाईप करायला बसले. नाव माहीत नाही. वय माहीत नाही. गाव नक्की माहीत नाही. मग माणूस ओळखू येईल असं काय लिहायचं म्हणून जे आठवत होतं ते लिहीत गेले, भगवे कपडे घालायचा, खांद्याला झोळी असायची, लहान मुलांशी गोड बोलायचा, कुणाला माहिती असल्यास कळवा, जास्तीत जास्त लोकांपर्यंत

तिथंच थांबलंय ते. वर बारीक अक्षरात 'ड्राफ्ट' म्हणून दिसतं रोज. अप्पा विचारतात, टाकलंस का? मी म्हणते, उद्या टाकते.